केमोची पहिली बाटली लावण्याआधी गुणसूत्रांची तपासणी झालीच पाहिजे

प्रति,
प्रौढांच्या अक्यूट ल्युकेमियावर, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर, उपचार करणारे सर्व रक्तविकारतज्ज्ञ,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, सायटोजेनेटिक्स (गुणसूत्रे तपासणाऱ्या) प्रयोगशाळांचे प्रमुख,
आणि उपचारांच्या पॅकेजमध्ये कोणत्या चाचण्या बसवायच्या हे ठरवणारी मंडळी यांस

विषय: निदानाच्या वेळची गुणसूत्र तपासणी 'ऐच्छिक' ठरवू नये, याबाबत

महोदय, महोदया,

भावाच्या फॉलोअपला गेले असताना ल्युकेमियाच्या नव्या रुग्णांसाठी तयार केलेला चाचण्यांचा फॉर्म माझ्या हाती आला. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी), जीन पॅनेल (ठरावीक जनुकांची तपासणी) हे सगळे छापील आणि आधीच टिक केलेले. कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, मात्र पानाच्या तळाशी 'गरजेनुसार, नातेवाइकांच्या इच्छेप्रमाणे' या रकान्यात ढकललेली. कारण विचारले. ही चाचणी जुनी आहे, वेळखाऊ आहे, कधी कधी फेल जाते आणि जीन पॅनेल आल्यापासून तिच्यावाचून फारसे अडत नाही, असे उत्तर मिळाले.

अडते. आमचे अडले आहे. आणि हा विचार एकाच रुग्णालयापुरता असता तर मी तिथेच अर्ज देऊन थांबले असते. पण इतर रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते: नमुना गेलाच नाही, गेला तो उशिरा गेला, रिपोर्ट आला पण कोणी वाचून दाखवला नाही. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आणि उघडपणे.

माझ्या धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला. पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढत होत्या. केमो सुरू करण्याची घाई होती आणि त्या घाईबद्दल माझी तक्रार नाही. मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, काढला. पहिला चांगला नमुना स्लाइड आणि फ्लोसाठी गेला. गुणसूत्रांसाठीचा सगळ्यात शेवटी, बराचसा रक्तच असलेला, जांभळ्या टोपणाच्या नळीत भरला गेला. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असते. गुणसूत्रे पाहायची तर पेशी जिवंत राहून विभागल्या गेल्या पाहिजेत आणि त्यासाठी हेपरिनची, हिरव्या टोपणाची नळी लागते. हे मला तेव्हा माहीत असण्याचे कारण नव्हते. ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांच्यापैकी कोणी ती नळी बदलली नाही.

रिपोर्ट आला तेव्हा केमोचा पहिला कोर्स संपत आला होता. जवळजवळ कोरे पान. मधोमध दोन ओळी: कल्चरमध्ये विश्लेषणयोग्य मेटाफेज मिळाले नाहीत, नवा नमुना पाठवावा. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत गुणसूत्रे पाहता येतील अशी एकही विभागणारी पेशी मिळाली नाही. नमुन्याच्या तपशिलात बारीक अक्षरांत नळीचा प्रकारही लिहिलेला होता. पण नवा नमुना आणायचा कुठून? केमोने ल्युकेमियाच्या पेशी मारल्या होत्या. रेमिशनमधला, म्हणजे आजार दबल्यानंतरचा, मॅरो पाठवला, तो ४६ गुणसूत्रांचा, नॉर्मल आला. आमच्या घरी त्या दिवशी आनंद झाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की ही गुणसूत्रे आता वाढलेल्या निरोगी पेशींची आहेत. आजाराच्या पेशी कशा होत्या, हे त्यातून कळणार नाही. एफएलटी३ आणि एनपीएम१ या दोन जनुकांत बदल नव्हता, तेवढेच पहिल्या दिवसाच्या रक्तावरून समजले होते. बाकी नमुना टाकून दिलेला. उरलेल्या स्लाइडवर पेशी इतक्या विरळ होत्या की त्यांच्यावर फिश (गुणसूत्रांतली ठरावीक खूण शोधणारी चाचणी) करायलाही प्रयोगशाळेने नकार दिला.

मग प्रश्न आला ट्रान्सप्लांटचा, म्हणजे मज्जा प्रत्यारोपणाचा. भावाशी माझे एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळले होते, म्हणजे दाता घरातच होता. डॉक्टर म्हणाले, गुणसूत्रे चांगल्या गटातली असती तर मी ट्रान्सप्लांट करू नका असे सांगितले असते. वाईट गटातली असती तर उद्याच करा म्हटले असते. आता माझ्याकडे सांगायला आधार नाही. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी विसरणार नाही. पण ट्रान्सप्लांट करण्याचा निर्णय आम्ही डोळे मिटून घेतला. दुसऱ्याच्या मज्जेचे प्रत्यारोपण म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. आजार परत आला नाही तरी निव्वळ प्रत्यारोपणाच्या दुष्परिणामांनी शंभरातले साधारण दहा ते वीस रुग्ण दगावतात. वय, इतर आजार आणि दात्याची जुळणी यांवर हा आकडा कमीजास्त होतो. म्हणून तर युरोपियन ल्युकेमियानेट या ल्युकेमियातज्ज्ञांच्या गटातले तज्ज्ञ सांगतात की प्रत्यारोपणाशिवाय आजार परतण्याची शक्यता ३५ ते ४० टक्क्यांहून जास्त असेल, तरच पहिल्या रेमिशनमध्ये हा मार्ग धरावा. ती शक्यता किती, हे मुख्यतः ज्यावरून ठरते तोच कागद आमच्याकडे कोरा होता.

माझा भाऊ आज आहे. माझ्या पेशी त्याच्या शरीराशी अजून भांडतात. डोळे कोरडे पडतात, सारखे थेंब घालावे लागतात. हाताची कातडी ताठरली आहे, मूठ पूर्ण वळत नाही. कदाचित या ट्रान्सप्लांटनेच त्याला वाचवले असेल. कदाचित त्याची गरजच नसेल. हे आता कोणालाही, कधीही कळणार नाही. माझा आपल्याशी संबंध येतो तो इथे.

हे पत्र सर्वसामान्य माणसेही वाचतील, त्यामुळे गुणसूत्रे नेमके काय सांगतात ते लिहिते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये नक्की झाले. चारच वर्षांनी, १९६० मध्ये, पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये एक वाजवीपेक्षा आखूड गुणसूत्र सापडले. ते पुढे फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले गेले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की ते नुसते तुटलेले नाही, ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलले आहेत. ८ आणि २१ यांच्यातली एएमएलमधली अदलाबदल त्यांनीच त्याच सुमारास ओळखली, आणि १५ व १७ यांच्यातली १९७७ मध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, एकेक गुणसूत्र कापून कागदावर जोडीने मांडायचे, असे ते काम होते. ल्युकेमियावरच्या आजच्या अनेक लक्ष्यवेधी औषधांचा उगम त्या कागदी तुकड्यांत आहे.

एएमएलमध्ये या बदलांवरून आजाराचे साधारण तीन गट पडतात. ८ आणि २१ यांची अदलाबदल, १६ क्रमांकाच्या गुणसूत्रातला उलटा फिरलेला तुकडा, आणि १५ व १७ यांची अदलाबदल हे अनुकूल गटातले. ५ किंवा ७ क्रमांकाचे गुणसूत्र गायब असणे, ३ मधला उलटा तुकडा, १७ ची आखूड भुजा गमावलेली असणे, किंवा एकाच पेशीत तीन वा अधिक वेगवेगळे बिघाड साठलेले असणे हे प्रतिकूल गटातले. उरलेले मधले, आणि त्यांत ज्यांची गुणसूत्रे दिसायला नॉर्मल आहेत असे रुग्णही येतात. एएमएलच्या प्रौढ रुग्णांपैकी ते जवळजवळ निम्मे असतात. अमेरिकेतल्या कॅन्सर अँड ल्युकेमिया ग्रुप बी या संशोधक गटाने २००२ मध्ये १२१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुकूल गटात ५५ टक्के, मधल्या गटात २४ टक्के आणि प्रतिकूल गटात ५ टक्के निघाले. उपचार त्यानंतर सुधारले आहेत, आकडे थोडे वर सरकले आहेत. पण एकाच नावाच्या आजारात, सारखीच केमो घेतलेल्या माणसांत एवढे अंतर पडते, हे विसरून चालणार नाही.

हे अंतर का पडते, तेही समजण्यासारखे आहे. ८ आणि २१ यांच्या अदलाबदलीत रक्तपेशींची वाढ सांभाळणारे एक जनुक दुसऱ्याला जोडले जाते आणि पेशी अर्धवट वयातच अडकते. पण अशा पेशी बहुधा केमोला, विशेषतः जास्त मात्रेच्या सायटाराबिनला, चांगल्या बधतात. १७ च्या आखूड भुजेवर टीपी५३ हे जनुक असते. पेशीच्या डीएनएला इजा झाली की तिला मरायला लावणे हे त्याचे काम. केमो नेमकी ती इजाच करते. जनुकच नसेल तर इजा होऊनही पेशी मरत नाही, आणि हीच पेशी काही महिन्यांनी आजार परत घेऊन येते. अशा रुग्णाला तीच केमो पुन्हा पुन्हा देत राहण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारता यावा यासाठी ही तपासणी.

एएलएलमध्ये, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, तिचे महत्त्व जराही कमी नाही. प्रौढांच्या एएलएलमध्ये साधारण चारांतल्या एकाला फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडते आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. ४ आणि ११ यांची अदलाबदल वाईट मानली जाते. ३० ते ३९ एवढीच गुणसूत्रे उरलेल्या पेशीही वाईटच. त्यात एक फसवी गोष्ट आहे: अशा पेशी कधी कधी आपली उरलेली गुणसूत्रे दुप्पट करतात, संख्या साठच्या पुढे जाते, आणि वरवर पाहणाऱ्याला तो जास्त गुणसूत्रांचा, चांगल्या भवितव्याचा प्रकार वाटतो. कोणती गुणसूत्रे दोन आहेत आणि कोणती चार, हे पाहणारा अनुभवी डोळाच तो फरक ओळखतो. 'जुनी चाचणी' म्हणून जिला बाजूला सारले जाते, ती करणाऱ्या माणसांचे हे कसब आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आता माझ्या तक्रारी.

नमुना हे कोणाचेच काम राहिलेले नाही. मॅरो काढणारे निवासी डॉक्टर, नळ्या आणणारे कर्मचारी, नेणारा मदतनीस, प्रयोगशाळेचे काउंटर, या सगळ्या हातांतून तो जातो आणि चुकला तर जबाबदार कोणीही नसते. सुईतून येणारा पहिला मॅरो सर्वांत दाट असतो. नंतरच्यात रक्त मिसळत जाते. गुणसूत्रांची नळी शेवटी भरली की पेशी कमी मिळतात. सुट्टीला लागून नमुना काढला की तो काउंटरवर पडून राहतो आणि पेशी मरतात. या गोष्टी प्रत्येक प्रयोगशाळेच्या सूचनापत्रकात लिहिलेल्या असतात. वॉर्डात ते पत्रक कुठे लावलेले मी तरी पाहिले नाही.

दुसरी तक्रार रिपोर्ट फेल जाण्याची नाही, फेल गेल्यानंतरच्या शांततेची आहे. पेशी काही वेळा वाढतच नाहीत, हे मान्य. पण पहिल्या एक-दोन दिवसांत कल्चर नीट दिसत नाही, नळी चुकीची आहे, नमुना कमी आहे, हे प्रयोगशाळेला कळलेले असते. तेव्हा वॉर्डात एक फोन गेला असता, तर केमोआधी दुसरी सुई घेता आली असती किंवा रक्तात पुरेशा ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व) पेशी असतील तर रक्तावरूनही काम झाले असते. फोन झाला नाही. छापील कागद पुढे टपालाच्या गतीने आला. आणि फाइलमध्ये 'फेल' व 'नॉर्मल' यांतला फरक पुसला जातो, हे तर आणखी धोक्याचे. वीस मेटाफेज पाहून नॉर्मल म्हणणे वेगळे आणि एकही न मिळणे वेगळे. डिस्चार्ज कार्डावर दोन्हींसाठी 'कोणताही दोष आढळला नाही' असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे.

'जीन पॅनेल आहे ना' या उत्तराबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण फॉर्ममधला बदल याच उत्तरावर उभा आहे. पॅनेल ठरावीक जनुकांची अक्षरे वाचते. ते अत्यंत गरजेचे आहे. गुणसूत्रे नॉर्मल दिसणाऱ्या निम्म्या रुग्णांचे भवितव्य तर तेच सांगते. पण नेहमीच्या पॅनेलमधून आख्खे सातवे गुणसूत्र गायब आहे, पाच-सहा गुणसूत्रे तुटून भलतीकडे जोडली गेली आहेत, हे भरवशाने कळत नाही. फिश चाचणी लवकर होते, तिला विभागणाऱ्या पेशी लागत नाहीत, पण जी खूण शोधायला सांगाल तीच ती शोधते. घराची झडती घ्यायची असताना एकच कपाट उघडून पाहिल्यासारखे ते आहे. कॅरियोटाइपमध्ये सगळी ४६ गुणसूत्रे एकदम नजरेखालून जातात. युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२२ च्या शिफारशींत जनुकांचे महत्त्व खूप वाढले, तरी गुणसूत्र तपासणी काढलेली नाही. उलट तिचा निकाल शक्यतो ५ ते ७ दिवसांत आणि एफएलटी३ सारख्या जनुकांचा ३ ते ५ दिवसांत मिळावा, असे म्हटले आहे. पुढे कधी संपूर्ण जीनोम वाचणारी चाचणी सगळीकडे पोचेल आणि कॅरियोटाइपची जागा घेईल. त्या दिशेने चांगले कामही झाले आहे. ती चाचणी आपल्याकडे सुरू झाली की जरूर जुनी बंद करा. पण हाती काही नसताना आधीच बंद करू नका.

'थांबायला वेळ नव्हता' हे मला अनेकदा सांगण्यात आले. नमुना घ्यायला थांबावे लागत नाही. त्याच सुईतून, त्याच बैठकीत आणखी थोडा मॅरो योग्य नळीत घ्यायचा, एवढेच. केमो त्याच संध्याकाळी सुरू झाली तरी पेशी प्रयोगशाळेत सुरक्षित असतात. आणि ज्यांची प्रकृती स्थिर आहे, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत काही दिवस निकालाची वाट पाहिल्याने नुकसान होत नाही, असे जर्मनीतल्या मोठ्या रुग्णनोंदणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. अपवाद एकच, आणि तो फार महत्त्वाचा: १५ व १७ च्या अदलाबदलीचा प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यात रक्तस्रावाने काही तासांतही माणूस जाऊ शकतो, त्यामुळे नुसती शंका आली तरी एट्रा ही गोळी रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायची असते. पण तिथेही नमुना आधी जातोच.

या आजाराचे उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवते. कारण वयस्कर रुग्णांच्या नातेवाइकांना ऐकवले जाते की गुणसूत्रे कळून तरी काय करणार, प्रोग्नोसिस (आजाराचे भवितव्य) वाईटच आहे. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया एके काळी सर्वांत झटपट मारणारा ल्युकेमिया होता. १५ आणि १७ ची अदलाबदल ओळखता आली, तिच्यावर एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड चालते हे कळले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पांढऱ्या पेशी फार न वाढलेल्या रुग्णांमध्ये, नेहमीची केमो न देता फक्त या दोन औषधांवर दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजार न परतता जिवंत होते. एट्रा आणि केमो घेतलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के होते. फिलाडेल्फिया गुणसूत्राचा एएलएलही तसाच. पूर्वी त्यातून दीर्घकाळ वाचणारे पाचांत एकही नसत. आता इमॅटिनिब, डॅसाटिनिब, पोनाटिनिब या गोळ्या आहेत. डॅसाटिनिबसोबत ब्लिनाटुमोमॅब देऊन नेहमीच्या केमोशिवाय रेमिशन मिळवता येते, हे २०२० मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवले. कडक केमो न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता? आणि त्याच माणसाची तपासणी वयाचे कारण सांगून टाळली जाते. वाईट गुणसूत्र म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांतलीच काही आज उपचाराला सर्वांत चांगला प्रतिसाद देणारी झाली, कारण कोणीतरी ती पाहिली, मोजली आणि त्यांच्यावर औषध शोधले. न पाहिलेल्या गुणसूत्रावर कोणाला औषध देता येत नाही.

शेवटची तक्रार बोलण्याबद्दलची. ज्यांचे रिपोर्ट नीट येतात, त्यांच्या हाती आकडे, कंस, स्वल्पविराम यांची एक ओळ पडते. तिचा अर्थ नातेवाईक मोबाइलवर शोधत बसतात. एका बाईने मला तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट दाखवला; त्यात चौकटी कंसात १८ आणि २ असे आकडे होते. ते आजार किती टक्के बरा होईल याचे आकडे आहेत, असे समजून ती रात्रभर जागी होती. वीस पेशींपैकी अठरांत दोष दिसला आणि दोन नॉर्मल होत्या, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या टोकाला, लिफ्टची वाट पाहता पाहता 'पाच टक्के चान्स' असे ऐकवलेले लोकही मला भेटले आहेत. पाच टक्के कोणाच्या गटात, कोणत्या काळात, कोणते उपचार घेतलेल्यांत, हे सांगायला दहा मिनिटे बसावे लागते. गटाचा आकडा एका माणसाचे भविष्य नसतो, हे आपल्याला माहीत आहे. ते समोरच्याला सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. अक्यूट ल्युकेमियाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा गुणसूत्र तपासणीचा नमुना केमो किंवा स्टेरॉइड सुरू होण्याआधी गेलाच पाहिजे. फॉर्मवर ती चाचणी आधीच टिक केलेली असावी. ती न करण्याचे ठरले तर कारण लिहून सही करावी. वय हे कारण होऊ शकत नाही.

२. पहिल्या खेचीतला मॅरो हेपरिनच्या नळीत गुणसूत्रांसाठी ठेवावा. नळीचा प्रकार, वेळ आणि नेणाऱ्याचे नाव नोंदवावे. सुट्टीच्या दिवशी नमुना घेण्याची सोय नसेल तर ती करावी. हा आजार सुट्टी पाहून येत नाही.

३. नमुना अपुरा किंवा खराब असल्याचे दिसताच प्रयोगशाळेने त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. फोन झाल्याची नोंद रिपोर्टवर यावी.

४. प्रत्येक रुग्णाचा पहिल्या दिवसाचा थोडा नमुना, डीएनए, आरएनए आणि स्थिर केलेल्या पेशींच्या रूपात, उपचार पूर्ण होईपर्यंत राखून ठेवावा. हे झाले असते तर आमच्याकडे दुसरी संधी उरली असती.

५. निकाल सात दिवसांत मिळावा, आणि तातडीच्या दोन प्रश्नांची उत्तरे, म्हणजे १५ व १७ ची अदलाबदल आणि एएलएलमध्ये फिलाडेल्फिया गुणसूत्र, त्याहून लवकर.

६. रिपोर्टच्या तळाशी रुग्णाला समजेल अशा भाषेत तीन-चार वाक्ये असावीत: काय दिसले, किती पेशींत दिसले, कोणता गट, चाचणी यशस्वी झाली की नाही. 'फेल' झालेल्या चाचणीला कोठेही 'नॉर्मल' लिहू नये. आणि निकाल सांगण्यासाठी डॉक्टरांनी रुग्णासोबत बसून बोलण्याची वेळ ठरवून द्यावी.

७. पॅकेज ठरवणाऱ्यांना वेगळे सांगते: महागडी औषधे आणि ट्रान्सप्लांट पॅकेजमध्ये बसतात, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवणारी चाचणी बाहेर राहते, याचे कारण आम्हाला लेखी द्यावे.

माझा भाऊ ज्या रुग्णालयात आहे, तिथे मी हे पत्र समक्ष दिले आहे. बाकीच्यांना विनंती एवढीच, की नव्या ल्युकेमिया रुग्णासाठी आपल्याकडे सध्या वापरात असलेला चाचण्यांचा फॉर्म दर्शनी जागी लावावा, त्यात गुणसूत्र तपासणी कोणत्या रकान्यात आहे ते रुग्णांना दिसू द्यावे, आणि गेल्या वर्षी आपल्याकडच्या किती रुग्णांचा हा निकाल वेळेत आला, किती जणांचा फेल गेला, हा आकडा जाहीर करावा.

आपली,
एका रुग्णाची बहीण आणि मज्जादाता